तान्ह्या बाळांच्या संस्थेत ड्यूटीचा तक्ता कसा लावावा

तान्ह्या बाळांची संस्था कशी चालली आहे हे बघायचं असेल तर पाळणे आणि स्वयंपाकघर नंतर बघा. आधी मागच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता मागा. कोणतंही एक बाळ निवडा आणि महिनाभरात त्याला किती वेगवेगळ्या माणसांनी दूध पाजलं ते मोजा. आकडा सहा-सातच्या आत असला तर ती संस्था मुळात बरी आहे, बाकीच्या उणिवा दुरुस्त होतील. पंधरा-वीसच्या पुढे गेला असेल तर भिंतींवर कितीही चित्रं काढलेली असोत, त्या बाळाला आपलं म्हणावं असं कुणी मिळालेलं नाही.

हे लिखाण संस्था चालवणारे, अधीक्षक, परिचारिका आणि प्रत्यक्ष बाळं सांभाळणाऱ्या बायकांसाठी आहे. सांभाळणाऱ्या व्यक्तीला इथे मावशी म्हटलं आहे. विषय जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा. बाळ सापडल्यावर कोणाला, किती तासांत कळवायचं हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. ते आधी करा. त्यानंतर बाळ तुमच्या हातात असतं, तिथून पुढचं इथे आहे.

ओळखीच्या हातांवर इतका भर का, ते थोडक्यात. रेने स्पिट्झ या डॉक्टरने १९४५ मध्ये दोन संस्थांतल्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक अनाथालय होतं: स्वच्छ, पुरेसं दूध, वैद्यकीय देखरेख, पण आठ-दहा बाळांमागे एक परिचारिका. दुसरं तुरुंगातलं बाळघर, जिथे कैदी आया स्वतःच आपली मुलं सांभाळत. अनाथालयातल्या ९१ बाळांपैकी ३४ दोन वर्षांत दगावली. तुरुंगातलं एकही दगावलं नाही. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या बाळगृहांत पाहणी झाली तेव्हा दिसलं की एका मुलाला पहिल्या दोनेक वर्षांत ६० ते १०० वेगवेगळी माणसं सांभाळून जात होती. तिथे गट लहान केले, प्रत्येक गटाला ठरावीक माणसं दिली आणि त्यांना प्रशिक्षण दिलं. आहार आणि औषधोपचार तेच राहूनही मुलांची उंची, वजन, बोलणं, समज सगळं सुधारलं. बुखारेस्टमध्ये २००० नंतर संस्थांतली १३६ मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली गेली. निम्मी पालक-कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, निम्मी संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं पुढे सरकली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला.

म्हणजे संस्था कितीही चांगली झाली तरी ती कुटुंबाची जागा घेत नाही. तरीही आज जे बाळ पाळण्यात आहे त्याला घर मिळेपर्यंतचे महिने वाया जाऊ द्यायचे नाहीत.

पहिले चोवीस तास

सापडलेलं प्रत्येक नवजात बाळ आधी दवाखान्यात जायला हवं, दिसायला ठणठणीत असलं तरी. तिथे पोचेपर्यंत एकच काम महत्त्वाचं, ऊब. बाळ कोरडं पुसा, डोक्याला टोपी घाला, कुणातरी मोठ्या माणसाच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवा आणि वरून पांघरूण घ्या. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली लावू नका, नवजात कातडी सहज भाजते. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हवं. आंघोळ पहिले चोवीस तास नको. बाळ घाण असलं तरी ओल्या कोमट कापडाने पुसणं पुरतं. नाळ उघडी असेल आणि रक्त येत असेल तर स्वच्छ दोऱ्याने घट्ट बांधा. राख, तेल, पावडर काहीही लावू नका.

दवाखान्यात पुढच्या गोष्टी झाल्या का, हे विचारून घ्या: के जीवनसत्त्वाचं १ मिलिग्रॅम इंजेक्शन, पहिल्या चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस, रक्तातली साखर, कावीळ, सिफिलिसची तपासणी. आईबद्दल काहीच माहिती नसल्याने हिपॅटायटिस बीसाठी लशीखेरीज आणखी काही द्यायला हवं का, हेही डॉक्टरांना विचारा.

एचआयव्हीबद्दल एक चूक पुन्हा पुन्हा होते आणि तिची किंमत मूल मोजतं. साधी प्रतिपिंडांची (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं त्या घटकांची) तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती आईची प्रतिपिंडं असू शकतात. ती बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. बाळाला लागण आहे की नाही हे प्रत्यक्ष विषाणू शोधणाऱ्या पीसीआर तपासणीतूनच कळतं. तरीही पहिल्या कागदावर शिक्का बसतो, बाळ वेगळ्या खोलीत जातं आणि कुटुंब मिळायची वाट बंद होते. तो शिक्का मारू नका आणि मारू देऊ नका. विषाणूची तपासणी आणि प्रतिबंधक औषध मात्र लगेच सुरू व्हायला हवं.

पहिले काही आठवडे ही लक्षणं दिसली तर रात्र असो वा पहाट, लगेच दवाखाना गाठा: दूध ओढत नाही, झटके येतात, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, तापमान ३५.५ च्या खाली किंवा ३७.५ च्या वर, डिवचल्याशिवाय हालचाल नाही, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा. मावश्यांना ही यादी पाठ हवी. आणि अधीक्षकांना न विचारता बाळ घेऊन निघायचा अधिकार रात्रपाळीच्या मावशीला लेखी दिलेला असावा. परवानगीच्या फोनमध्ये गेलेला अर्धा तास नवजात बाळाला झेपत नाही.

दूध: मोजमाप आणि चुका

मानवी दुधाची पेढी जवळ असेल तर कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथून दूध मिळवा. नसेल तर पावडरचं दूध. सहा महिन्यांच्या आत जनावराचं दूध नको.

अडीच किलोच्या वरच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिलीलिटर, मग रोज किलोमागे २० ने वाढवत १५० पर्यंत. दिवसातून आठ वेळा. २.८ किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी १६८ मिलीलिटर, म्हणजे दर वेळी साधारण २०. तीन किलोच्या बाळाला आठवड्यानंतर ४५० मिलीलिटर, म्हणजे दर वेळी ५५ ते ६०. हा दिवसाचा अंदाज आहे, दर वेळी वाटी रिकामी झालीच पाहिजे असा नियम नाही. बाळ तोंड फिरवतंय तर थांबा.

पाणी खळखळ उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. ते ७० अंशांच्या वर असायला हवं. पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू तिच्यात असू शकतो, आणि नवजात बाळात तो मेंदूपर्यंत पोचतो. आधी पाणी मोजा, मग पावडर टाका. चमचा सपाट, शिगोशीग नाही. भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करा, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. तयार दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या. रात्रीसाठी संध्याकाळीच दूध करून थर्मासमध्ये ठेवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी असते. कोमट दुधात जंतू जोमाने वाढतात, म्हणून ती मोडा. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवायचं असेल तर पावडर घालायच्या वेळी ते ७० अंशांच्या वर आहे का हे थर्मामीटरने बघा.

दूध पातळ होतं ते बहुधा महिनाअखेरीस, डबे संपत आले की. हे पकडायचं असेल तर रिकामे डबे मोजा. बहुतेक पावडरी १०० मिलीलिटर दुधाला १३ ते १५ ग्रॅम लागतात. तीन किलोच्या बाळाला दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा सहा दिवस. सहा किलोच्या बाळाला तोच डबा तीन दिवस. प्रत्येक बाळाच्या वजनावरून महिन्याचा हिशोब आधी मांडा आणि संपलेल्या डब्यांशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर कुठेतरी पाणी वाढलं आहे किंवा दूध सांडतं आहे.

बाटलीपेक्षा वाटी किंवा लहान कप बरा, कारण बाटलीचं बूच आणि चोखणी धुणं अवघड असतं आणि आत साय धरते. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान हाताने सावरा. कपाची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध फक्त ओठाला लागेल इतकाच कप कलता करा. ओतू नका. बाळ जीभ बाहेर काढून चाटतं, मग घुटके घेतं. बाटली वापरलीत तर ती हातात धरून पाजा.

उशीला टेकवून ठेवलेली बाटली ही संस्थांतली सर्वांत जुनी सवय. बाळ ठसकतं, दूध कानाकडे जाऊन कान फुटतो. त्याहून मोठं नुकसान वेगळंच. नवजात बाळ दिवसातून आठ वेळा जागं होतं ते मुख्यतः दुधासाठी. त्या आठही वेळी त्याला चेहऱ्याऐवजी छत दिसलं तर माणूस ओळखायला शिकायचं कधी?

बाटली टेकवणाऱ्या मावशीला रागावण्याआधी मात्र हे गणित करा. एका दुधाला पंचवीस मिनिटं. एका खोलीत सहा नवजात बाळं, रात्रपाळीत प्रत्येकी तीन वेळा दूध. सहा गुणिले तीन गुणिले पंचवीस: ४५० मिनिटं, साडेसात तास. पाळी आठ तासांची, मावशी एकटी. लंगोट बदलणं, पावडर मिसळणं, कप उकळणं अजून मोजलेलंच नाही. तिने बाटली टेकवली नाही तर सहावं बाळ दोन तास उपाशी रडेल. म्हणून ही सवय भाषणाने सुटत नाही, तक्त्याने सुटते.

तक्ता

समजा संस्थेत तीस बाळं आणि तीस मावश्या आहेत. नेहमीची पद्धत अशी: लहानांची खोली, रांगणाऱ्यांची खोली, चालणाऱ्यांची खोली, आणि मावश्या सगळ्या खोल्यांतून फिरत्या. म्हणजे प्रत्येक बाळाला तीस चेहरे, आणि वयाची पायरी ओलांडली की खोलीही बदलते.

तेवढ्याच माणसांत आणि तेवढ्याच पगारात पाच गट करा. प्रत्येक गटात सहा बाळं, सहा मावश्या. बाळाला दिसणारे चेहरे तीसवरून सहावर येतात. एक रुपयाही जास्त लागत नाही, म्हणून ही सुधारणा सगळ्यांत आधी करायची.

गटात वयं मिसळा: सहा महिन्यांच्या आतली दोन, सहा ते अठरा महिन्यांची दोन, त्यावरची दोन. रात्री एकटीवर दोनच नवजात बाळांची दुधं येतात, म्हणजे अडीच तास. बाटली टेकवायची वेळ येत नाही. मूल मोठं झालं तरी त्याच खोलीत, त्याच माणसांत राहतं. वयानुसार वर्गासारखं पुढे ढकलणं पूर्ण बंद करा. भावंडं आली तर ती एकाच गटात, यावर वाद नको.

आता पाळ्या. सकाळी सहा ते दोन दोघी, दोन ते रात्री दहा दोघी, दहा ते सहा एकटी. दिवसाच्या पाच पाळ्या, आठवड्याच्या पस्तीस. सहा मावश्यांनी आठवड्याला सहा पाळ्या केल्या तर छत्तीस होतात, एक शिल्लक. एक मावशी कायम रात्रीची, सहा रात्री. सातवी रात्र दिवसवाल्यांपैकी एकीने घ्यायची, पण तिला आदल्या आणि दुसऱ्या दिवशी पाळी नको. ज्या देशात आठवड्याला पाचच पाळ्यांचा नियम आहे तिथे गटाला सात मावश्या लागतील. तेही चालतं.

प्रत्येक बाळाला एक पहिली मावशी आणि एक दुसरी मावशी नेमा. दिवसाच्या पाच मावश्यांपैकी चौघींकडे पहिली म्हणून एकेक बाळ आणि सगळ्यांत अनुभवी मावशीकडे दोन. नेमताना तीन नियम पाळा:

- पहिली आणि दुसरी मावशी वेगवेगळ्या पाळीत असाव्यात. पहिली सकाळी तर दुसरी दुपारी.
- दोघींची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी येता कामा नये.
- दर आठवड्याला पाळ्या फिरवू नका. सहा-सहा महिने तीच पाळी ठेवा. बाळाला घड्याळ कळत नाही, पण सकाळी कोण उचलतं हे पक्कं कळतं.

पाळीवर असताना आपल्या बाळाचं दूध, आंघोळ, झोपवणं, लस टोचायला नेणं हे पहिल्या मावशीने करायचं. ती नसेल तेव्हा दुसरीने. लस टोचताना अनोळखी माणूस धरून उभं असेल तर दुखण्यात भीतीची भर पडते.

तक्ता मोडतो तो रजेच्या दिवशी. आजारपण, लग्न, मुलाची परीक्षा, आणि मग दुसऱ्या गटातून कुणीतरी ओढून आणलं जातं. यासाठी दोन गटांमागे एक राखीव मावशी ठरवा, जी दोन्ही गटांत दर आठवड्याला एखादी पाळी करतेच, म्हणजे ती बाळांना परकी नसते. यासाठी माणूस वाढवावा लागतो. पैसे आले की पहिला खर्च हा करा. खेळणी, टीव्ही, रंगरंगोटी नंतर.

पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असाव्यात. जाणारी मावशी जागं बाळ पाळण्यात न ठेवता येणारीच्या हातात देते आणि जाते म्हणून सांगून जाते. बाळ रडेल. चोरून निघून गेलं तर त्या दिवशी रडणं टळतं, पण बाळ पुढे सतत दारावर नजर ठेवून बसतं.

धुणं, फरशी, भांडी ही कामं मावश्यांकडून काढा. एका पाळीतले दोन तास धुण्यात गेले तर गटातला चौथा हिस्सा वेळ गेला. धुण्यासाठी स्वतंत्र माणूस लावणं हे बाळांच्या वाढीवरचंच काम आहे, असा हिशोब देणगीदारांपुढे स्पष्ट मांडा.

या पद्धतीवर हमखास येणारा आक्षेप असा की माया लागते, मग बाळ घरी गेलं की मावशी रडते आणि बाळही रडतं. काही ठिकाणी तर 'जवळीक करू नका' असा नियमच असतो. तो नियम काढून टाका. एकदा कुणाचा तरी लळा लागलेलं बाळ दुसऱ्याचा लळा लावून घेऊ शकतं. कधीच न लागलेल्या बाळाला ते फार जड जातं. मावशीचं दुःख खरं आहे आणि त्यासाठी जागा करायला हवी. बाळ गेल्यावर तिला लगेच दुसऱ्या दिवशी नवं बाळ देऊ नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नव्या घरून फोटो आला तर तिला दाखवा.

लंगोट बदलताना

एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञाने १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये बाळगृह सुरू केलं. त्यामागचा साधा विचार असा की वेगळा 'खेळाचा तास' मिळो न मिळो, दूध-आंघोळ-लंगोट तर होणारच. तो वेळ घाईत न घालवता पूर्ण त्या बाळाला द्यायचा.

करायचं असं. बाळाजवळ जा, आधी नावाने हाक मारा, त्याने बघेपर्यंत थांबा. हात दाखवा, 'उचलते आता' म्हणा, मग उचला. मागून येऊन अचानक उचलू नका. लंगोट सोडताना, पुसताना काय करता आहात ते बोलत राहा. सदऱ्याची बाही घालताना 'हात दे' म्हणून क्षणभर थांबा. पहिले काही महिने काही होणार नाही. वर्ष भरायच्या सुमारास तो हात स्वतःहून पुढे येऊ लागतो, आणि ज्या बाळाचे हात कायम ओढूनच घातले जातात त्याचा येत नाही. बाळाकडे पाठ करून दुसऱ्या मावशीशी बोलत लंगोट बदलू नये. पाच मिनिटं, दिवसातून सात-आठ वेळा. चाळीस मिनिटांचं अखंड लक्ष बाळाला मिळतं आणि जादा वेळ काहीच जात नाही.

झोपवताना पाठीवर, कडक गादीवर, उशी-मऊ खेळणी न ठेवता. जागं असेल तर जमिनीवर चटई किंवा सतरंजी, काही वेळ पालथं, मावशी शेजारी बसलेली. पाळण्याच्या चारी बाजूंना चादरी लावू नका. स्पिट्झने पाहिलेल्या अनाथालयात नेमकं तेच होतं, बाळांना छताशिवाय काही दिसत नव्हतं. जागी बाळं पाळण्यात दिसली तर कारण विचारा, ते बहुधा तक्त्यातच सापडतं.

काय बघत राहायचं

वजन सहा महिन्यांपर्यंत दर आठवड्याला, त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने. लांबी आणि डोक्याचा घेर महिन्यातून एकदा. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं, दोन आठवड्यांत ते भरून यावं. पुढे तीन महिन्यांपर्यंत दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढ हवी.

वाढ थांबली तर या क्रमाने शोधा. दुधाचं प्रमाण आजच्या वजनावर काढलं आहे का? दाखल झाल्या दिवशीचा आकडा तक्त्यावर तसाच राहतो आणि चार किलोचं बाळ तीन किलोच्या दुधावर जगत असतं. ही सगळ्यांत सामान्य चूक. मग पातळपणा, सांडणं. मग जंतुसंसर्ग, लघवीची तपासणी, हृदय. हे सगळं ठीक निघालं तर मागच्या चार आठवड्यांत त्याची मावशी बदलली का ते बघा. दूध पोटात जाऊनही माणसाविना वाढ खुंटते. संस्थेत राहिलेल्या मुलांची उंची दर तीन महिन्यांमागे साधारण एका महिन्याच्या वाढीने मागे पडते, असं दत्तक गेलेल्या मुलांच्या मोजमापांत दिसलं आहे.

वागण्यातली चिन्हं शांतपणे येतात. भूक लागली तरी न रडणारं बाळ 'गुणी' नव्हे; रडून कुणी येत नाही हे ते शिकलं आहे. तीन महिने उलटूनही चेहरा पाहून हसत नाही, नजर टाळतं, तासन्‌तास डोलतं, डोकं आपटतं, गिळलेलं दूध पुन्हा तोंडात आणून चघळतं, स्वतःचा हात चावतं. आधी कान आणि डोळे तपासा, कारण न ऐकू येणारं बाळही असंच दिसतं. मग त्या बाळासाठी दोनच मावश्या ठेवून सहा आठवडे नेटाने पाळा आणि रोज एक ओळ लिहा.

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाने परक्या माणसाला पाहून मावशीच्या खांद्यात तोंड लपवलं तर ते आनंदाचं चिन्ह आहे, तिथे लळा लागला आहे. उलट दोन-तीन वर्षांचं मूल संस्थेत येणाऱ्या कुणाच्याही मांडीवर चढतं, कुणाचाही हात धरून चालू लागतं, तेव्हा पाहुणे 'किती प्रेमळ' म्हणतात. ते प्रेमळपण नाही. त्याच्यासाठी सगळी माणसं सारखीच आहेत.

म्हणून पाहुण्यांचा प्रश्न. आठवडाभरासाठी बाळांना खेळवायला येणारे स्वयंसेवक चांगल्या मनाने येतात आणि बाळाच्या वाट्याला आणखी एक निघून जाणारा माणूस ठेवून जातात. त्यांना धुणं, हिशोब, नळदुरुस्ती, बागकाम द्या. बाळ उचलायचं काम फक्त गटातल्या माणसांचं. वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं, आणि देणगी जाईल या भीतीने ते सांगितलं जात नाही. आधीच छापील नियम दारात लावला तर सांगणं सोपं जातं.

डबा

बाळ आलं त्या दिवशी त्याच्या नावाचा एक डबा सुरू करा. अंगावर होते ते कपडे, गुंडाळलेलं कापड, चिठ्ठी, दोरा, जे असेल ते. धुवू नका, फेकू नका. कोरडं करून कागदात गुंडाळून ठेवा. पोलिसांनी मागितलं तर फोटो काढून मग द्या, पोच घ्या. कागदावर लिहा: सापडल्याची तारीख, वेळ, नेमकी जागा, हवा कशी होती, कुणी पाहिलं, वजन, नाळेची अवस्था. नाळ ओली की सुकलेली, यावरून जन्मतारखेचा अंदाज बांधता येतो. मग दर महिन्याला एक फोटो, मावशीसोबत. पहिला दात कधी, पहिलं पाऊल कधी, कोणत्या गाण्याने झोपतं.

माहिती नसलेलं काहीही गोड कहाणी म्हणून भरू नका. 'आईने रडत रडत ठेवलं' हे कुणी पाहिलं नसेल तर लिहू नका. आणि 'फेकून दिलेलं' हा शब्दही नको. 'अमुक ठिकाणी, कापडात गुंडाळलेलं सापडलं' इतकंच. पंधरा-सोळाव्या वर्षी ते मूल हा कागद हातात घेऊन बसणार आहे.

घर

संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा निदान त्यांपैकी एक जिवंत असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबीपायी मूल कुटुंबापासून तोडू नये, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांची सोय कुटुंबातच व्हावी. म्हणून कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांमार्फत कुटुंबाचा शोध पहिल्याच आठवड्यात सुरू व्हायला हवा. आई सापडली तर तिला काय कमी पडलं ते विचारा: जागा, पैसे, नवऱ्याची भीती, बाळाचं आजारपण. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. बाळ संस्थेत ठेवायला जो खर्च येतो त्याच्या काही भागातही पुष्कळदा घर सावरतं.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची बैठक घ्या. कागदावर तीन प्रश्न: हे मूल अजून इथे का आहे? घरी जाण्याआड नेमकं काय आहे? ते कोण, कोणत्या तारखेपर्यंत दूर करणार? 'प्रक्रिया सुरू आहे' हे उत्तर मान्य करू नका. नाव आणि तारीख लिहा. प्रक्रिया सहा महिने लांबली तर वर्षाच्या बाळाच्या आयुष्याचा निम्मा काळ कागदांत गेला असतो.

मूल आई-वडिलांकडे, पालक-कुटुंबाकडे किंवा दत्तक जात असेल तेव्हा एका दुपारी गाडीत बसवून पाठवू नका. निदान दोन आठवडे द्या. पहिले तीन-चार दिवस नवे आई-बाबा रोज येतात, फक्त शेजारी बसतात, मावशी दूध पाजताना बघतात. मग मावशी शेजारी असताना ते पाजतात, लंगोट बदलतात. दुसऱ्या आठवड्यात आंघोळ आणि झोपवणं त्यांच्याकडे, मग दिवसभर बाहेर, जमल्यास एक रात्र त्यांच्या घरी. शेवटच्या दिवशी मावशीने स्वतः बाळ त्यांच्या हातात द्यायचं, बाळाला दिसेल असं, आणि निरोप घ्यायचा.

बाळासोबत त्याचं रोजचं पांघरूण द्या, न धुता, कारण त्याला इथला वास असतो. डबा द्या. आणि मावशीच्या हातचा एक कागद: दूध किती कोमट लागतं, कोणत्या कुशीवर धरलं की शांत होतं, हाक कोणत्या नावाने ऐकतं, कशाला घाबरतं. नव्या आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की पहिले काही आठवडे बाळ रात्री उठून रडेल, खाणं कमी होईल, कदाचित येत असलेलं चालणं-बोलणं थोडं मागे जाईल. ते मावशीला शोधत असतं. त्यांना शक्य असेल तर महिन्याभराने तिने एकदा भेटून यावं, तासभर, आणि जाताना पुन्हा सांगून निघावं.